दिवा लागतो, पण बाण हलत नाही: जुन्या डेस्कटॉपच्या माउसविषयी

इंदूरच्या एका गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. त्यांच्या वडिलांकडे साधारण 2005च्या सुमाराचा डेस्कटॉप आहे. त्यावर विंडोज एक्सपी आहे, आणि जुन्या मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही असे छोटे उपकरण, मागच्या लांबट प्रिंटर पोर्टाला लावलेले असल्यामुळे यंत्र बदलणे सोपे नाही. गोल पिनांचा जुना माउस बंद पडला, म्हणून त्यांनी नवा यूएसबी माउस आणि सोबत एक छोटा हिरवा कन्व्हर्टर आणला. कन्व्हर्टर लावून तो मागच्या गोल पोर्टात जोडला, तर माउसखालचा लाल दिवा लागतो, पण पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. तोच माउस कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टात लावला, तर कधी चालतो आणि कधी 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा संदेश येऊन बंद पडतो. कीबोर्डही गोल पिनांचाच आहे आणि तो नीट चालतो. एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला असेल, नाहीतर फॉरमॅट मारावे लागेल, असे सांगितले आहे.

मी जुन्या संगणकांच्या दुरुस्तीचे काम बरीच वर्षे करत आलो आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझे मत असे आहे की इथे दोन निरनिराळ्या अडचणी आहेत आणि त्या एकाच वेळी समोर आल्यामुळे एकच मोठा बिघाड असल्याचा भास होतो आहे. गोल पोर्टात माउस न चालणे ही पहिली अडचण आणि पुढच्या यूएसबीत तो अधूनमधून सुटणे ही दुसरी. या दोहोंचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. मदरबोर्ड गेला किंवा विंडोज बिघडले, असे या दोहोंवरून सिद्ध होत नाही. तेव्हा फॉरमॅटचा विचार तूर्त पूर्णपणे बाजूला ठेवा. तुमच्या बाबतीत तो केवळ निरुपयोगी नव्हे, तर नुकसानकारक ठरू शकतो. फॉरमॅट केल्यावर हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर आणि ते सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागेल, आणि त्याची मूळ सीडी हाताशी नसेल तर वडिलांचे काम माउसपायी नव्हे, फॉरमॅटपायी थांबेल.

म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी एक काम करून ठेवा. वडिलांच्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातील फॉन्ट्स हा फोल्डरही सोबत घ्या. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्यापूर्वीच्या त्या सॉफ्टवेअरमधला मजकूर त्याच्या फॉन्टशिवाय वाचता येत नाही, आणि हे बहुतेकांच्या लक्षात फार उशिरा येते.

माउस मिळेपर्यंत वडिलांचे काम अडायला नको. एक्सपीमध्ये डावीकडचा ऑल्ट, डावीकडचा शिफ्ट आणि नमलॉक या तीन कळा एकदम दाबल्या की माउस-कीज सुरू करण्याविषयी एक चौकट येते, तिथे एंटर दाबावे. मग उजवीकडच्या आकड्यांच्या भागातील 8, 2, 4 आणि 6 या कळांनी बाण वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे हलतो, 5 दाबले की क्लिक होते आणि अधिकच्या कळीने डबल-क्लिक होते. बाण संथ चालतो, पण फाइल उघडणे, छापणे, जतन करणे एवढे निभावते. यातून एक तपासणीही आपोआप होते: कीबोर्डाने बाण व्यवस्थित हलला, तर पडदा आणि विंडोजचा पॉइंटर शाबूत आहेत, आणि दोष माउसपासून मदरबोर्डापर्यंतच्या वाटेवर किंवा माउसच्या ड्रायव्हरात शोधायचा आहे, हे ठरून जाते.

आता हिरव्या कन्व्हर्टरकडे वळू, कारण माझ्या मते खरी गफलत इथेच आहे. मागचे गोल पोर्ट ज्या पद्धतीचे आहे तिला पीएस/2 म्हणतात. आयबीएमने 1987 साली आपल्या पर्सनल सिस्टिम/2 या संगणकांसोबत ती आणली आणि पुढे तेच तिचे नाव पडले. या पोर्टात सहा पिनांची जागा असते, पण कामाच्या चारच: एक माहितीची, एक ठोक्याची म्हणजे क्लॉकची, एक 5 व्होल्टची आणि एक ग्राउंडची. यूएसबीच्या साध्या पोर्टातही चारच तारा असतात. त्यामुळे चार तारा चार तारांना जोडल्या की झाले, असे कोणालाही वाटावे. तो हिरवा कन्व्हर्टर नेमके एवढेच करतो. त्याच्या पोटात कोणतीही चिप नसते, आणि तो यूएसबीच्या भाषेचे पीएस/2च्या भाषेत रूपांतर करत नाही.

मग असे कन्व्हर्टर पूर्वी चालत कसे होते? त्या काळात अनेक कंपन्यांचे माउस दोन्ही भाषा जाणणारे असत. वीज मिळताच आपण कोणत्या प्रकारच्या पोर्टात आहोत हे ते तारांच्या स्थितीवरून ओळखत आणि तसे वागत. कन्व्हर्टर त्यांच्याच डबीत मिळे आणि त्यांच्यासाठीच असे. आज मिळणारे बरेचसे स्वस्त माउस फक्त यूएसबी जाणतात. असा माउस कन्व्हर्टरमधून गोल पोर्टात लावला की 5 व्होल्टची तार जुळलेली असल्यामुळे त्याला वीज मिळते आणि दिवा लागतो. पण त्याचे आणि संगणकाचे संभाषण सुरूच होत नाही. दिवा लागला म्हणजे वीज पोहोचली, इतकाच त्याचा अर्थ घ्यावा. पीएस/2चा खरा माउस वीज मिळताच स्वतःची तपासणी करतो आणि सोळाच्या पद्धतीत एए आणि 00 असे दोन बाइट संगणकाकडे पाठवून आपण हजर असल्याचे कळवतो. तुमचा नवा माउस हे पाठवत नसेल, तर विंडोजच्या दृष्टीने त्या पोर्टात काहीही लावलेले नाही.

तुमचा माउस दोन्ही भाषांचा आहे की एकाच, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. ते त्या विशिष्ट माउसवर अवलंबून आहे. डबीवर पीएस/2चा स्पष्ट उल्लेख नसेल, तर तो एकाच भाषेचा आहे असे धरून चालावे. दुसरा कन्व्हर्टर विकत आणण्यात अर्थ नाही. आत चिप असलेले जाड कन्व्हर्टर बाजारात दिसतात, पण ते बहुधा उलट कामाचे असतात, म्हणजे गोल पिनांचा कीबोर्ड आणि माउस नव्या संगणकाच्या यूएसबीला जोडण्यासाठी. तुम्हाला त्यांचा उपयोग नाही.

सरळ उपाय म्हणजे गोल पिनांचाच माउस आणणे. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडला विचारून पाहा. दुकानात 'भैया, पीएस-टू माउस, गोल पिनवाला, कन्व्हर्टरवाला नहीं' असे स्पष्ट सांगावे, नाहीतर पुन्हा तीच यूएसबीची जोडी हातात पडते. नवा मिळाला नाही, तर जुन्या संगणकांचे सुटे भाग ठेवणाऱ्यांकडे वापरलेला मिळू शकतो. तो दुकानातच एखाद्या यंत्रावर चालवून मगच घ्यावा.

हा माउस लावताना एक पथ्य पाळा, आणि ते फार महत्त्वाचे आहे. पीएस/2चे पोर्ट चालू यंत्रात काढण्या-घालण्यासाठी बनवलेले नाही. संगणक पूर्ण बंद करा, मागची वीज काढा, मग प्लग बसवा आणि नंतरच यंत्र सुरू करा. चालू असताना लावला तर एक्सपी तो बहुधा ओळखत नाही, आणि लोक चांगला माउस खराब समजून परत करतात. त्याहून वाईट म्हणजे पिना तिरक्या टेकल्या तर त्या पोर्टाचा फ्यूज किंवा त्यामागची चिप जाऊ शकते. माउसचे पोर्ट हिरवे आणि कीबोर्डाचे जांभळे, असा रंगांचा संकेत आहे. दोन्ही पोर्टांचा आकार सारखाच असल्याने माउस जांभळ्यात सहज बसतो. अशी अदलाबदल झाली तर सहसा काही बिघडत नाही, फक्त दोन्ही वस्तू चालत नाहीत.

प्लग बसवण्यापूर्वी उजेडात त्याचे तोंड नीट पाहा. मध्यभागी एक चौकोनी प्लॅस्टिकची खूण असते आणि तिच्याभोवती बारीक पिना असतात. सहाऐवजी चारच पिना दिसल्या तरी घाबरू नका, कारण दोन जागा बिनकामाच्या असतात आणि काही प्लगांत त्या रिकाम्याच सोडतात. पण एखादी पिन बाजूला झुकलेली असेल, तर टोक काढलेल्या बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलची नळी तिच्यावर अलगद चढवावी आणि अगदी थोडा थोडा दाब देत ती सरळ करावी. पक्कड वापरू नये, पिन मुळातून तुटते. टेबल भिंतीला टेकलेले असल्यामुळे न पाहता हाताने चाचपडत प्लग खुपसला जातो आणि पिना वाकतात. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या यंत्रांत हे कारण वारंवार आढळते.

जुना माउसही लगेच टाकून देऊ नका. शक्य असेल तर कोणाकडच्या गोल पोर्टाच्या यंत्रावर तो लावून पाहा. तिथे तो चालला, तर दोष तुमच्या पोर्टात आहे आणि वरचा सगळा खर्च थांबवून आधी पोर्ट तपासायला हवे. तिथेही चालला नाही, तर बहुधा त्याची वायर गेली आहे. माउसच्या तोंडाशी जिथे वायर आत शिरते, तिथे ती सतत वाकत राहते आणि आतली एखादी तार तुटते, बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते. त्या जागी वायर बोटांनी हलकेच इकडेतिकडे वाकवली की बाण मध्येच उडी मारतो किंवा कोपऱ्यात जाऊन बसतो. याचे कारण असे की माउस आपली हालचाल तीन-चार बाइटांच्या तुकड्यांत पाठवतो. त्यातला एखादा बाइट गळला की पुढचे सगळे तुकडे चुकीच्या जागी वाचले जातात, आणि संगणकाला न केलेल्या क्लिक आणि न झालेल्या हालचाली दिसू लागतात. बाणाच्या उड्या दिसल्या की मी व्हायरस शोधत बसत नाही, आधी वायर पाहतो.

पोर्टाविषयी तुमच्या पत्रातच एक दिलासा देणारी गोष्ट आहे. गोल पिनांचा कीबोर्ड चालतो आहे. कीबोर्ड आणि माउस ही दोन्ही गोल पोर्टे मदरबोर्डावरच्या एकाच नियंत्रकाकडे जातात आणि बहुतेक बोर्डांवर त्यांच्या 5 व्होल्टच्या वाटेतला फ्यूजही एकच असतो. म्हणजे वीज आहे आणि चिप निदान अर्धी तरी जागी आहे. माउसची बाजू तेवढी जळलेली असणे शक्य आहे, पण खरा पीएस/2 माउस लावून पाहिल्याशिवाय तसे म्हणता येणार नाही, आणि तुम्ही तो अजून लावलेलाच नाही.

आता दुसरी अडचण, पुढच्या यूएसबीची. मागची यूएसबी पोर्टे थेट मदरबोर्डावर डाकलेली असतात. पुढची मात्र कॅबिनेटच्या आतून एका वायरीने येऊन बोर्डावरच्या छोट्या पिनांच्या रांगेवर बसवलेली असतात. वीस वर्षांत ती वायर सैल होते, पिनांवर धूळ आणि गंज धरतो, आणि पावसाळ्यात त्याचा त्रास वाढतो. त्या काळातल्या बऱ्याच स्वस्त कॅबिनेटांत तर एकसंध प्लगच नसे. चार सुट्या तारा एकेक करून बसवाव्या लागत, आणि जोडणाऱ्याने माहितीच्या दोन तारांची अदलाबदल केली, की वीज मिळते पण वस्तू ओळखली जात नाही. तुमचा माउस कधीकधी चालतो, त्यावरून अदलाबदल नसून सैल जोड असावा, असा माझा कयास आहे.

म्हणून पहिली चाचणी साधी आहे: कन्व्हर्टर काढून टाका आणि माउस मागच्या यूएसबी पोर्टात थेट लावा. यूएसबी चालू यंत्रात लावता येते. एक्सपी त्याला ओळखून 'एचआयडी-कम्प्लायंट माउस' म्हणून बसवेल, त्यासाठी सीडी लागत नाही. एका पोर्टात नाही चालला, तर मागच्या दुसऱ्यात लावा. मागे तो दिवसभर न सुटता चालला, तर तुमचा प्रश्न एक पैसाही खर्च न करता सुटला, आणि पुढचे पोर्ट कधी सवडीने दुरुस्त करता येईल. माझा अंदाज आहे की असेच होईल.

इथे जुन्या घरांविषयी एक गोष्ट सांगणे मला गरजेचे वाटते. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वस्तीत किंवा कोणत्याही जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग नसणे अगदी सामान्य आहे. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर संगणक चालवला, की कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधल्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, फिल्टरच्या कपॅसिटरांमधून गळणारा प्रवाह जमिनीत जायला वाट मिळत नाही, म्हणून तो पत्र्यावर राहतो. तसाच तो यूएसबीच्या बाहेरच्या पत्र्यावरही येतो. अशा घरांत पोर्टे आणि त्यांना जोडलेल्या वस्तू वरचेवर जातात. तुमच्याकडे तसे जाणवत असेल, तर माउसच्या आधी वायरमन बोलवा, कारण हा वडिलांच्या जिवाशी निगडित प्रश्न आहे.

मागच्या यूएसबीतही माउस सुटत असेल, तर मग विंडोज आणि बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणारी बोर्डावरची प्रणाली, यांच्याकडे पाहावे. विंडोजची कळ आणि आर दाबून devmgmt.msc ही आज्ञा टाइप करून एंटर दाबले की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. टॅब दाबून यादीत जाता येते आणि बाणांच्या कळांनी ती उलगडता येते. तिथल्या प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावर वीज वाचवण्यासाठी ते उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, तिची खूण काढून टाकावी. थोडा वेळ हात न लावल्यावर माउस मरत असेल, तर हेच कारण असण्याचा संभव आहे. माउसच्या नावापुढे पिवळे चिन्ह असेल, तर ते नाव डिलीटने काढून यंत्र पुन्हा सुरू करावे, एक्सपी ते नव्याने बसवते. तुमचा कीबोर्ड गोल पिनांचा असल्यामुळे हे निर्धास्तपणे करता येईल. ज्यांचा कीबोर्डही यूएसबीचा आहे, त्यांनी यूएसबीच्या कंट्रोलरला हात लावू नये, कारण मग कीबोर्ड आणि माउस दोन्ही हातचे जातात.

बायोसचे एकच पाहायचे. यंत्र सुरू करताना घड्याळ दर वेळी जुन्या तारखेवर जात असेल, तर बोर्डावरची सीआर2032 बॅटरी संपली आहे आणि बायोसच्या सेटिंगही दर वेळी मूळपदावर जात आहेत. बॅटरी बदला, मग डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि इंटिग्रेटेड पेरिफेरल्स किंवा तशाच नावाच्या पानावर यूएसबी कंट्रोलर आणि पीएस/2 माउस सुरू आहेत ना, ते पाहा. लेबले बोर्डागणिक बदलतात.

दोष यंत्राचा की विंडोजचा, हे तरीही ठरत नसेल, तर पपी लिनक्ससारखी छोटी प्रणाली सीडीवरून चालवून पाहावी. ती हार्ड डिस्कला हात न लावता मेमरीत चालू शकते. तिथे माउस चालला तर दोष विंडोजचा, तिथेही चालला नाही तर यंत्राचा, आणि वडिलांच्या फाइलींना धक्का न लावता हे ठरते.

आणि मागची यूएसबी पोर्टे खरोखरच गेली असतील, गोल पिनांचा चांगला माउसही चालत नसेल, तरीही मदरबोर्ड बदलण्याची वेळ आलेली नसते. त्या काळातल्या बोर्डांवर पांढऱ्या रंगाचे पीसीआय स्लॉट, म्हणजे जादा कार्डे बसवण्याच्या खाचा, असतात. त्यात यूएसबी 2.0चे कार्ड बसवले की नवीन पोर्टे मिळतात. एक्सपीवर सर्व्हिस पॅक 2 किंवा 3 असेल तर अशा बहुतेक कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कार्ड बसवण्यासाठी कॅबिनेट उघडाल, तेव्हा प्रोसेसरच्या आसपासच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली किंवा तपकिरी गळती झालेली दिसते का, तेही पाहून घ्या. तसे असेल, तर यूएसबी सुटण्यामागे वीजच डळमळीत असण्याची शक्यता आहे, आणि आधी ते कपॅसिटर चांगल्या कारागिराकडून बदलून घ्यावे लागतील. हार्डवेअर लॉक प्रिंटर पोर्टावर असल्यामुळे या सगळ्यात त्याला हात लावण्याची गरज नाही. मात्र ते काढावेच लागले, तर यंत्र बंद करून काढा आणि त्याच पोर्टात परत लावा.

आधी मागच्या यूएसबीची चाचणी करा. तिथे माउस सुटला, तर मला तीन गोष्टी कळवा: तो किती वेळाने सुटतो, कीबोर्डावरचा कॅप्सलॉकचा दिवा त्या वेळी दाबल्यावर बदलतो का, आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का. दिवा बदलत नसेल, तर माउस नव्हे, अख्खे यंत्रच त्या क्षणी अडकलेले असते, आणि मग शोध मेमरी आणि एसएमपीएसपासून सुरू करावा लागेल.